वॉरंटी संपल्यानंतर दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा बिघडल्यास ग्राहकाचे हक्क : नाशिक जिल्ह्यातील ग्राहकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, मोबाइल, दुचाकी, पाण्याची मोटर किंवा द्राक्षबागेतला फवारणीचा ब्लोअर यांपैकी काहीही पैसे देऊन दुरुस्त करून घेतले आणि ते थोड्याच दिवसांत पुन्हा बंद पडले, तर कायदा ग्राहकाला काय देतो आणि काय देत नाही, याची माहिती येथे आहे. ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालील नियमांवर आधारलेली आहे. रक्कम मोठी असेल किंवा कोणाला इजा झालेली असेल, तर वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

कंपनीची वॉरंटी संपलेली आहे. मग दुरुस्तीबद्दल तक्रार करण्याचा हक्क उरतो का?

उरतो. वस्तू विकत घेताना मिळालेली वॉरंटी हा उत्पादकाने दिलेला शब्द असतो आणि तो ठरलेल्या दिवशी संपतो. मात्र वॉरंटी संपल्यानंतर आपण पैसे मोजून वस्तू दुरुस्त करून घेता, तेव्हा आपल्यात आणि दुरुस्ती करणाऱ्यात एक नवा, स्वतंत्र व्यवहार होतो, आणि या व्यवहारात आपण वस्तूचे खरेदीदार म्हणून नव्हे, तर सेवेचे ग्राहक म्हणून उभे असता. मोबदला देऊन सेवा घेणारी व्यक्ती कायद्याच्या कलम २(७) प्रमाणे ग्राहक ठरते. दुरुस्ती करणारा कंपनीचा अधिकृत सर्व्हिस सेंटरवाला आहे, महात्मा गांधी रोडवरचा मोबाइल दुरुस्तीवाला आहे, की सिडकोतल्या गल्लीत एकटा काम करणारा मेकॅनिक आहे, याने त्या हक्कात फरक पडत नाही.

त्यामुळे "आता वॉरंटी नाही, आम्ही काही करू शकत नाही" हे काउंटरवर मिळणारे उत्तर निम्मेच खरे असते. उत्पादकाने नवा भाग फुकट द्यावा, अशी मागणी वॉरंटी संपल्यावर सहसा करता येत नाही; पण ज्या कामाचे पैसे घेतले ते काम नीट झाले होते का, हा प्रश्न वॉरंटीच्या तारखेशी जोडलेला नाही. दुरुस्ती अधिकृत केंद्रात झाली असेल, तर तक्रारीत ते केंद्र आणि कंपनी अशा दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करावे, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवण्याचा मार्ग त्यांना उरत नाही.

दुरुस्तीला किती दिवसांची हमी असते? कायद्याने काही मुदत ठरवून दिली आहे का?

सर्व दुरुस्त्यांना लागू होईल अशी मुदत कायद्यात नाही. बिलावर लिहिलेली ३० किंवा ९० दिवसांची हमी ही त्या दुकानाने स्वतःहून दिलेली असते आणि ती त्याच्यावर बंधनकारक असते. हमी लिहिलेलीच नसेल, तर कलम २(११) मधील 'सेवेतील त्रुटी' ही व्याख्या कामी येते. कामाच्या दर्जात, स्वरूपात किंवा करण्याच्या पद्धतीत असलेला दोष, उणीव अथवा अपुरेपणा त्या व्याख्येत बसतो. शिवाय निष्काळजीपणा आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे यांचाही तीत स्पष्ट उल्लेख आहे.

लिखित हमीचे दिवस उलटल्यावर ग्राहकाची बाजू दुबळी होते, परंतु ती संपत नाही. हमी असेपर्यंत "माझ्या शब्दाप्रमाणे करून द्या" एवढे म्हणणे पुरते. त्यानंतर मात्र मूळ कामच चुकीचे झाले होते, हे दाखवून देण्याचा भार ग्राहकावर येतो.

वॉरंटी चालू असताना तोच बिघाड दोन-तीन वेळा दुरुस्त झाला आणि वॉरंटी संपताच पुन्हा उद्भवला. कंपनी आता पैसे मागते. हे योग्य आहे का?

बहुतेक वेळा नाही. दोष वॉरंटीच्या काळातच प्रकट झाला होता, तो नोंदवला गेला होता आणि तो मुळापासून दूर झाला नव्हता, हे जॉब शीटवरून (सर्व्हिस सेंटरने केलेल्या कामाच्या नोंदीच्या कागदावरून) दिसत असेल, तर वॉरंटीखालचे मूळ कर्तव्यच अपुरे राहिले, असे आपण म्हणू शकता. म्हणूनच वॉरंटीच्या काळातली प्रत्येक भेट जॉब शीटवर नोंदवून घ्यावी. मेकॅनिक घरी येऊन "आता चालू झाले" म्हणून तसाच निघून गेला, तर त्या भेटीची नोंद राहत नाही आणि पुढे ती भेट झालीच नाही, असे कंपनीला म्हणता येते.

तथापि, दोष वारंवार आला म्हणजे नवी वस्तू किंवा पूर्ण किंमत परत मिळेलच, असे गृहीत धरू नये. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असे म्हटले, की वॉरंटीची अट सदोष भाग दुरुस्त करून अथवा बदलून देण्यापुरती असेल, तर केवळ त्या अटीच्या आधारे संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. किंमत परत मिळवायची असेल, तर दोष निर्मितीतलाच आहे आणि तो दुरुस्त होण्यासारखा नाही, हे तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करावे लागते.

आणखी एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. वस्तू जितके दिवस सर्व्हिस सेंटरमध्ये पडून होती, तितके दिवस वॉरंटी आपोआप वाढते, असे अनेकांना वाटते. वॉरंटीपत्रकात तसे लिहिलेले असेल तरच ती वाढते. मात्र सुटा भाग येण्यास दोन महिने लागले आणि त्याच दोन महिन्यांत वॉरंटी संपली, तर तो विलंब हाच सेवेतील त्रुटीचा स्वतंत्र मुद्दा होऊ शकतो.

दुकानदार म्हणतो, "हा नवा बिघाड आहे, मागच्या दुरुस्तीशी त्याचा संबंध नाही." हे कसे ठरवायचे?

अशा प्रकरणांचा निकाल बहुधा याच प्रश्नावर लागतो. सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एसजीएस इंडिया प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले आहे. "दुरुस्त केले होते आणि पुन्हा बंद पडले" एवढे सांगून भागत नाही. दुसरा बिघाड पहिल्या कामातून आला, किंवा पहिले काम नीट झाले असते तर तो आला नसता, हे दाखवावे लागते.

फ्रिजचे उदाहरण घ्यावे, कारण एप्रिल-मे महिन्यांत सर्वाधिक भांडणे याच वस्तूवरून होतात. थंडावा येत नाही म्हणून मेकॅनिक 'गॅस भरून' जातो आणि दोन महिन्यांत फ्रिज पुन्हा गरम होतो. फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो. तो वापरला जाऊन संपत नाही. गॅस कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. ती गळती न शोधता आणि न बुजवता पुन्हा गॅस भरणे ही अपुरी सेवा आहे, आणि दुसऱ्यांदा गॅस गेला असेल तर तो नवा बिघाड आहे, असे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या टिकणारे नाही. याउलट, गॅस व्यवस्थित आहे पण या वेळी थर्मोस्टॅट गेला आहे, असे आढळले तर दुकानदाराचे म्हणणे खरे मानावे लागेल.

वॉशिंग मशीनच्या बाबतीत बेअरिंग बदलताना त्याच्या पुढचे ऑइल सील जुनेच ठेवले, तर पाणी पुन्हा आत शिरते आणि नवे बेअरिंगही गंजते. एलईडी टीव्हीच्या बॅकलाइटमध्ये केवळ जळालेली एक पट्टी बदलली, तर तितकीच जुनी झालेली शेजारची पट्टी काही आठवड्यांत जाऊ शकते. एसीचा पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) जळाला म्हणून नवा बसवला, परंतु तो का जळाला हे तपासले नाही, तर नवा पीसीबीही त्याच वाटेने जाण्याची शक्यता असते. या सर्व उदाहरणांत दोन्ही बिघाडांना एकच कारण आहे आणि ते पहिल्या दुरुस्तीत तसेच राहून गेले आहे. तक्रारीत हे कारण सोप्या शब्दांत मांडावे. "मशीन सारखे बिघडते" या वाक्यापेक्षा त्याचे वजन अधिक असते.

दुरुस्ती करणाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट न्यायाची आहे. बारा वर्षे चाललेल्या यंत्राचा एक भाग बदलणारा माणूस आपल्या कामाची खात्री देतो, यंत्राच्या उरलेल्या आयुष्याची नव्हे. कॉम्प्रेसर थकलेला आहे आणि तो किती दिवस चालेल याचा भरवसा नाही, हे ज्याने आधीच सांगितले व बिलावर लिहून दिले, त्याच्याविरुद्धची तक्रार टिकणे अवघड आहे. हे ठाऊक असूनही ज्याने गप्प राहून पैसे घेतले, त्याला मात्र माहिती दडवल्याचा मुद्दा लागू होतो.

पुन्हा बिघडलेली वस्तू दुसऱ्या मेकॅनिककडे नेली तर हक्क जातो का?

हक्क जात नाही, पण पुरावा जाऊ शकतो. दुसऱ्याने यंत्र उघडले, भाग काढले आणि बदलले, की पहिल्याने नेमके काय केले होते हे सिद्ध करणे कठीण होऊन बसते, आणि "बाहेर उघडल्यामुळेच बिघडले" असे म्हणण्याची सोय पहिल्याला मिळते. म्हणून प्रथम मूळ दुरुस्तीवाल्याला लेखी कळवावे आणि वस्तू पाहण्यासाठी वाजवी मुदत द्यावी. सात ते दहा दिवस साधारणपणे पुरेसे समजावेत. फ्रिज किंवा पाण्याची मोटर यांसारख्या रोजच्या गरजेच्या वस्तूसाठी दोन-तीन दिवसांची मुदतही गैर नाही.

तो आला नाही, तर दुसरीकडे न्यावे. परंतु उघडण्यापूर्वी आणि उघडताना छायाचित्रे किंवा व्हिडिओ घ्यावा, काढलेले भाग जपून ठेवावेत आणि दुसऱ्या मेकॅनिककडून बिघाडाचे कारण दोन ओळींत का होईना, सही व तारखेसह लिहून घ्यावे. रक्कम मोठी असेल, तर शासकीय तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील संबंधित विषयाच्या प्राध्यापकाचे लेखी मत घेण्याचा प्रयत्न करावा. योग्य तपासणीशिवाय दोष ठरवता येणार नाही असे वाटल्यास, कलम ३८ प्रमाणे ग्राहक आयोग (ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणारी यंत्रणा) वस्तूचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते.

दुरुस्तीवाल्याने बिलच दिले नाही. आता काय पुरावा दाखवायचा?

बिल किंवा पावती न देणे ही कलम २(४७) प्रमाणे स्वतःच एक अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे ही उणीव केवळ ग्राहकाची ठरत नाही. "जीएसटी नंबर नाही म्हणून बिल देता येत नाही" या सबबीत तथ्य नाही. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर त्याला सामान्यतः जीएसटी नोंदणी करावी लागत नाही. पण साध्या कागदावर तारीख, काम आणि रक्कम लिहून सही करण्यासाठी कोणत्याही नोंदणीची गरज नसते.

बिल नसेल तर यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद, मेकॅनिकशी झालेले व्हॉट्सॲपवरचे बोलणे, वस्तू दिल्याचे छायाचित्र आणि बदललेला भाग एवढे जमवावे. रोखीने पैसे दिले असतील, तर निदान आता एक संदेश पाठवावा : अमुक तारखेला आपण माझ्या फ्रिजमध्ये गॅस भरून अमुक रक्कम घेतली होती, तो पुन्हा बंद पडला आहे, कधी येता? समोरून आलेले "उद्या बघतो" एवढे उत्तरही व्यवहार झाल्याचा पुरावा ठरू शकते. मोबाइलवरचे संदेश मुद्रित करून जोडताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडल्यास पुढचा वाद टळतो.

बिलामागे "दुकानाबाहेर गेल्यावर कोणतीही तक्रार ऐकली जाणार नाही" असे छापलेले आहे. ते बंधनकारक आहे का?

अशा छापील ओळीने कायद्याने दिलेला तक्रारीचा हक्क संपत नाही. दुरुस्ती काही तास चालवल्याशिवाय तपासताच येत नाही, अशा वस्तूबद्दल ही अट उघडच अवाजवी आहे. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवावे, की करारातील अट 'अनुचित करार' म्हणून रद्द ठरवून घ्यायची असेल, तर ती मागणी जिल्हा आयोगापुढे नव्हे, तर राज्य किंवा राष्ट्रीय आयोगापुढे करावी लागते. त्यामुळे जिल्हा आयोगापुढे तक्रार मांडताना अटीच्या वैधतेत न गुंतता सेवेतील त्रुटीवरच भर द्यावा.

"मोबाइलमधील माहितीस आम्ही जबाबदार नाही" ही अट मात्र तितकी अन्यायाची म्हणता येणार नाही. फोन देण्यापूर्वी माहितीची प्रत काढून ठेवणे हे ग्राहकाचेच काम आहे.

नवा भाग म्हणून पैसे घेतले, पण जुना किंवा नकली भाग बसवल्याचे कळले. यासाठी वेगळी तक्रार होते का?

त्याच तक्रारीत हा मुद्दा घ्यावा, आणि ठळकपणे घ्यावा. जुनी किंवा नूतनीकरण केलेली वस्तू नवी असल्याचे भासवणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. अस्सल नसलेला माल अस्सल म्हणून देणे ही तर बनावट मालाची बाब होते. केवळ "काम नीट झाले नाही" या आरोपापेक्षा हा आरोप अधिक गंभीर असल्याने भरपाईच्या रकमेवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. दुरुस्तीला देतानाच काढलेला जुना भाग परत मागून घेण्याची सवय ठेवावी आणि नव्या भागाचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. दुचाकीच्या बाबतीत अनेक जण हे आवर्जून करतात. मोबाइलच्या डिस्प्लेच्या आणि बॅटरीच्या बाबतीत मात्र फारसे कोणी करत नाही, आणि गडबडीला वाव तेथेच अधिक असतो.

वादामुळे दुरुस्तीवाला वस्तू अडवून ठेवू शकतो का?

काही प्रमाणात ठेवू शकतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे ज्याने वस्तूवर आपले श्रम किंवा कौशल्य खर्च केले आहे, त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क असतो. पण हा हक्क त्याच कामाच्या रकमेपुरता असतो. मागच्या वर्षीची उधारी किंवा आपल्या भावाच्या गाडीचे थकलेले बिल दाखवून त्याला आपली गाडी अडवता येत नाही. बिलाबद्दल वाद असेल आणि वस्तू तातडीने हवी असेल, तर "हरकत नोंदवून रक्कम देत आहे" असे बिलाच्या प्रतीवर लिहून पैसे द्यावेत आणि वस्तू सोडवावी. नंतर ती रक्कम परत मागण्याचा मार्ग खुला राहतो.

वस्तू त्याच्या ताब्यात असताना सामान्य समंजस माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घेण्याचे बंधन त्याच्यावर आहे, हे याच कायद्याच्या कलम १५१ मध्ये सांगितले आहे. पावसाळ्यात दुकानात पाणी शिरून टीव्ही खराब झाला, तर "दुकानाचेही नुकसान झाले" एवढे उत्तर पुरेसे नाही. टाळता येण्यासारखे होते का, हे पाहिले जाते.

मेकॅनिक मोबाइल ॲपवरून बोलावला होता. तक्रार कोणाविरुद्ध करायची?

मेकॅनिक आणि ॲप चालवणारी कंपनी, दोघांविरुद्ध करावी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सेवांनाही लागू आहेत. त्यांनुसार अशा कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निराकरण करणे आवश्यक आहे. "आम्ही केवळ गाठ घालून देतो" असे ॲपवाले म्हणतील. परंतु पैसे त्यांनी घेतले असतील आणि दुरुस्तीची हमी त्यांच्याच नावाने दिलेली असेल, तर त्या बचावात फारसा दम राहत नाही. ॲपवरील बुकिंगचा आणि हमीचा मजकूर लगेच जतन करून ठेवावा, कारण तो नंतर बदललेला दिसू शकतो.

शेतकरी किंवा छोटा कारखानदार या कायद्याखाली तक्रार करू शकतो का?

हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात अपरिहार्य आहे, कारण येथे घरगुती उपकरणांइतकीच शेतीची अवजारे आणि कारखान्यांतली यंत्रे दुरुस्तीला जातात. व्यापारी उद्देशाने घेतलेली सेवा कायद्याच्या बाहेर आहे. मात्र केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू वापरणारा ग्राहक मानला जातो. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एकच लेथ घेऊन स्वतः काम करणारा माणूस या सवलतीत बसू शकतो. वीस कामगार असलेल्या कारखान्याला आपल्या यंत्राच्या दुरुस्तीसाठी सामान्यतः दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागेल.

शेतकऱ्यांची स्थिती तुलनेने भक्कम आहे. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्यांना ग्राहक मानले. स्वतःच्या बागेसाठी ब्लोअर वापरणाऱ्या शेतकऱ्यालाही त्याच तत्त्वावर आपली बाजू मांडता येते. समजा, निफाड तालुक्यातील शेतकऱ्याने ऑक्टोबरच्या छाटणीपूर्वी ब्लोअरचा पंप दुरुस्त करून घेतला, अवकाळी पावसानंतर फवारणीची तातडी असतानाच तो बंद पडला आणि बागेवर डाउनी (बुरशीजन्य रोग) आली. दुरुस्तीचा खर्च परत मागणे येथे सोपे आहे. पिकाच्या नुकसानीची भरपाई मागता येते, पण ती मिळवणे अवघड आहे, कारण दुसरा ब्लोअर भाड्याने का आणला नाही, हा प्रश्न नक्की विचारला जाईल. म्हणून भाड्याने आणलेल्या ब्लोअरची पावती जपावी; तो मिळालाच नसेल, तर तसा प्रयत्न केल्याचा काही पुरावा ठेवावा आणि नुकसानीची पाहणी कृषी विभागाकडून वेळेत करून घ्यावी.

दुरुस्तीनंतर उपकरणाने पेट घेतला किंवा विजेचा धक्का बसला तर?

तेथे कायद्याचे सहावे प्रकरण, म्हणजे उत्पादन दायित्व, लागू होते. कलम ८५ प्रमाणे उत्पादनासंबंधी सेवा देणाऱ्याची सेवा सदोष अथवा अपुरी असेल, किंवा धोका टाळण्यासाठी आवश्यक सूचना त्याने दिल्या नसतील, तर झालेल्या हानीची जबाबदारी त्याच्यावर येते. या प्रकरणातील 'हानी' म्हणजे शारीरिक इजा, मृत्यू, मानसिक त्रास किंवा इतर मालमत्तेचे नुकसान होय. खुद्द त्या उपकरणाचे नुकसान त्यात मोजले जात नाही, ते सेवेतील त्रुटी म्हणून मागावे लागते. अशा घटनेनंतर जळालेली वस्तू भंगारात देऊ नये. पोलीस, अग्निशमन दल किंवा रुग्णालयाच्या नोंदी लगेच मिळवाव्यात.

तक्रार कोठे आणि कशी करावी? खर्च किती येतो?

प्रथम लेखी मागणी करावी. कायद्याने नोटीस सक्तीची केलेली नाही, तरी स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवलेले मुद्देसूद पत्र पुढे उपयोगी पडते. त्यात कामाची तारीख, दिलेली रक्कम, पुन्हा आलेला बिघाड आणि नेमकी मागणी एवढेच असावे. रागाची विशेषणे घातल्याने काही साधत नाही.

त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. हेल्पलाइन निकाल देत नाही. ती समोरच्याशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत त्याचा उपयोग होताना दिसतो, गल्लीतल्या दुकानाच्या बाबतीत कमी. दीड-दोन हजारांच्या दुरुस्तीसाठी आमच्या मते येथपर्यंतच प्रयत्न करावा आणि पुढे जाण्यापूर्वी आपल्या वेळेचा हिशेब मांडावा.

तडजोड न झाल्यास नाशिक जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर अधिकार जिल्हा आयोगाचा असतो, आणि ५ लाखांपर्यंत कोणतेही शुल्क नाही, त्यामुळे दुरुस्तीच्या जवळजवळ सर्व तक्रारी विनाशुल्क दाखल होतात. २०१९ च्या कायद्याने केलेला एक मोठा बदल असा, की तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा बंगळुरूत असले, तरी मालेगावच्या किंवा सिन्नरच्या ग्राहकाला नाशिकलाच दाद मागता येते. तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरून ऑनलाइनही दाखल होते. वकील देणे बंधनकारक नाही. सुनावणी मुख्यतः शपथपत्र आणि कागदपत्रांवर चालते, त्यामुळे कागद नीट लावलेले असतील तर सामान्य माणूसही आपले प्रकरण स्वतः मांडू शकतो.

तक्रारीला मुदत किती आणि निकाल कधी लागतो?

कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. उशीर झाल्यास सबळ कारण देऊन विलंब माफीचा अर्ज करता येतो. केवळ पत्रव्यवहार चालू होता किंवा दुकानदार "पुढच्या आठवड्यात या" म्हणत राहिला, या कारणाने मुदत वाढत नाही.

नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला लेखी म्हणणे मांडण्यास ३० दिवस मिळतात आणि आयोग आणखी १५ दिवस देऊ शकतो, त्यापुढे नाही. प्रयोगशाळेतील तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ बहुधा त्याहून अधिक लागतो. दोन्ही पक्ष तयार असतील, तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो, आणि दुरुस्तीच्या वादांना तो मार्ग विशेष सोयीचा आहे, कारण ग्राहकाला अनेकदा भरपाईपेक्षा चालू स्थितीतली वस्तू हवी असते.

किती भरपाई मिळू शकते?

दुरुस्तीचे पैसे परत करणे, दोष विनामूल्य दूर करणे, दुसरीकडे करावा लागलेला खर्च देणे, निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई देणे आणि तक्रारीचा खर्च देणे, असे आदेश आयोग कलम ३९ खाली देऊ शकतो. आठ हजारांच्या दुरुस्तीसाठी पाच लाखांचा मानसिक त्रास मागणारी तक्रार स्वतःचीच विश्वासार्हता घालवते. प्रत्येक मागणीसमोर तिचा कागद लावता येईल, एवढेच मागावे.

आयोगाने आदेश दिला, तरी समोरच्याने पैसे दिले नाहीत तर?

आदेश मान्य नसेल तर त्याला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, पण त्यासाठी आदेशित रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, अशा स्थितीत ग्राहकाने त्याच जिल्हा आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करावा. कलम ७१ प्रमाणे आयोगाचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. कलम ७२ प्रमाणे आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अर्जासोबत आदेशाची प्रमाणित प्रत, तो समोरच्याला मिळाल्याचा पुरावा आणि येणे रकमेचा व्याजासह हिशेब जोडावा.